कोंडीच्या हातचं

सही केली तेव्हा सई माझ्या कडेवर होती. दोन दिवसांच्या उलट्यांनी तिचं अंग इतकं हलकं झालं होतं की कडेवर मूल आहे की घडी घातलेली गोधडी, कळू नये. एका हातात साखर-मिठाच्या पाण्याचा पेला होता. चमचा दातांत धरला आणि पंचायतीच्या शिपायानं पुढे केलेल्या वहीत नाव लिहिलं, विनिता. माझ्या आधी एकच सही होती, सरपंच छायाकाकींची. वरचं अर्धं पान कोरं होतं.

कोऱ्या पानाखाली सही का केली, असं कुणी विचारलं तर एवढंच सांगता येईल की आमच्याकडे तशीच करतात. ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यायची असा नियम आहे. लावणीच्या दिवसांत बायका येणार कुठून, म्हणून कधीतरी वहीच घरोघर फिरवली आणि मग तीच पद्धत पडली. वही फिरली की सभा झाली. काय ठरलं ते ग्रामसेवक नंतर वरच्या जागेत लिहितात. बहुतेक वेळा गटार असतं, नाहीतर रस्त्यावरचे दिवे. लग्न होऊन इथं आले त्याला सहा वर्षं झाली, सहा वर्षं मी अशीच सही करत आले.

शनिवारी अंगणवाडीच्या सेविका जिजाताई दारात आल्या. आत या म्हटलं तरी आल्या नाहीत. सई कशी आहे विचारलं, बरी आहे ऐकून मान हलवली आणि मग हळूच म्हणाल्या, कोंडीला काढायचा ठराव झाला, महिला सभेत.

मी म्हटलं, कधी झाली सभा?

"तुझी दुसरी सही हाय गं," त्या म्हणाल्या.

रागावून बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

कोंडी अंगणवाडीतली मदतनीस. गावाच्या वर, डोंगराच्या अंगाला ठाकर आदिवासींची वाडी आहे, तिथून रोज उतरून येते. साडेनऊला घरोघर जाऊन मुलं गोळा करते, अंगणवाडी झाडते, खिचडी शिजवते, भरवते. सईला जेवण म्हणजे शिक्षा. मी वाटी घेऊन घरभर फिरायची, ती दात आवळून बसायची. कोंडीनं पहिल्याच आठवड्यात तिला समोर बसवलं, पहिला घास स्वतःच्या तोंडात घातला, चावून दाखवला, दुसऱ्या घासावर फुंकर मारली, आणि हिनं तोंड उघडलं. आता सईला वाटतं की जेवायची रीतच ती आहे. घरीही मी पहिला घास खाल्ल्याशिवाय ती दुसरा घेत नाही. करवंदं पिकली की कोंडी पानाच्या द्रोणात घालून तिच्यासाठी वेगळी आणते. माझ्यासाठी नाही, तिच्यासाठी.

सहीच्या दोन दिवस आधी, सोमवारी दुपारी सई अंगणवाडीतून आली आणि तासाभरात ओकायला लागली. संध्याकाळपर्यंत तिचे डोळे आत गेले. माझा नवरा ओमकार खोपोलीला कंपनीत, त्याचा फोन लागेना. सासऱ्यांनी, अण्णांनी, गाडी काढली. खालापुरात डॉक्टरांनी विचारलं, बाहेरचं काही खाल्लं का? मी म्हटलं, अंगणवाडीत खिचडी. सलाइन लावलं. सुई टोचताना सई रडलीसुद्धा नाही. तिथेच बाकावर बसून मी गावातल्या आयांच्या ग्रुपवर लिहिलं: कोंडीच्या हातचं खाल्लं आणि तासाभरात सईला उलट्या. तुमची मुलं बघा.

दहा मिनिटांत प्रणिताचा मेसेज आला, तिच्या देवव्रतलाही होतंय. मग आणखी एकीचा. मग ग्रुप नुसता वाहत राहिला. मी फोन पर्समध्ये टाकला आणि सईचा हात धरून बसले. त्यानंतर काय काय झालं, मी वाचलंच नाही.

शनिवारी जिजाताई गेल्यावर सगळं वाचलं. कोंडीच्या नखांत घाण असते. कोंडी हात धूत नाही. तिच्या घरात कुणाला तरी कावीळ आहे. कुणी म्हणे तिनं खिचडीत काहीतरी टाकताना पाहिलं, आणि ते कुणी पाहिलं हे कुणीच लिहिलेलं नव्हतं. हा ठराव पुढच्या शुक्रवारी, एक मेच्या ग्रामसभेत कायम व्हायचा होता आणि मग तालुक्याला जायचा होता. वाडीतून पगारी नोकरीवर असलेली कोंडी एकटी. नवरा टेंपोखाली सापडून गेला तेव्हापासून तिची दोन मुलं आणि सासू याच कामावर आहेत.

ओमकार म्हणाला, ग्रुपवर सॉरी लिहून टाक ना, विषय संपेल. मी लिहिलं. माझी घाई झाली, खिचडीमुळेच झालं असं मला माहीत नाही. दोन अंगठे आले. रविवारी सकाळी गुलाबांच्या आणि शुभ सकाळच्या चित्रांखाली तो मेसेज गाडला गेला.

रविवारी धुणं भिजवताना बादलीच्या तळाशी सईचा गुलाबी फ्रॉक मिळाला. आठवडाभर तसाच राहिला होता. पुढच्या बाजूला पिवळट डाग, आणि वास असा आंबट की मी तोंड फिरवलं. मग आठवलं. आदल्या रविवारी छायाकाकींच्या नातवाचा पहिला वाढदिवस होता, सई हाच फ्रॉक घालून गेली होती. क्रीमचा मोठा केक कर्जतहून गाडीच्या डिकीत आला होता. फुगे लागेपर्यंत, पाहुणे येईपर्यंत तीन तास तो मांडवात टेबलावर होता, एप्रिलच्या उन्हात. सईनं दोनदा घेतला. दुसऱ्यांदा मीच भरवला, बोटानं, कारण तिनं माझ्या हातून काही खाणं हीच मला मोठी गोष्ट वाटत होती.

ओला फ्रॉक हातात घेऊनच मी प्रणिताकडे गेले. तिचा देवव्रत वाढदिवसाला होता? होता. तिसरी आजारी मुलगी? तीही होती. मग मी तिला विचारलं, खिचडीचं तुला कुणी सांगितलं? ती म्हणाली, तुझ्या सासूबाईंनी सांगितलं की, देवळात. मी घरी येऊन आईंना विचारलं. विमलबाई माझ्या सासूबाई, त्यांना आम्ही आई म्हणतो. त्या म्हणाल्या, छाया सांगत होती. छायाकाकींकडे गेले. त्यांनी चहा टाकला, सईसाठी बिस्किटं दिली आणि म्हणाल्या, प्रणिताच्या पोराला झालं ना, तीच सांगत होती. नखांचं कुणी सांगितलं? ते सगळ्यांनाच माहीत हाय. तरी पहिलं कोण बोललं? काकींनी माझ्याकडे जरा नवल करून पाहिलं.

"अगं, तूच तर लिवलंस."

त्या दिवशी मी आणखी सहा घरं केली. कुणाकडे नखांचं होतं, कुणाकडे काविळीचं, पण दोर ओढत नेला की टोक माझ्या दारात यायचं. सगळ्यांना वाटत होतं की दुसऱ्या कुणाला तरी नक्की माहीत आहे. मला वाटत होतं की मी नुसती घाबरले होते. माझ्या घाबरण्याचं गावानं माहीत असणं करून टाकलं होतं.

सोमवारी अंगणवाडी सुटल्यावर वाडीत गेले. कोंडी घरी नव्हती, करवंदं घेऊन टोलनाक्याकडे विकायला गेली होती. तिची सासू सोनुबाई उंबऱ्यात बसली होती. मी विचारलं, त्या दिवशी अंगणवाडीत वाडीतली किती पोरं होती? म्हातारीनं बोटांवर नावं घेतली. अकरा. खिचडी खाल्ली? "दोन दोन डाव खाल्ली, उरली ती डब्यात घरी आनली. मी बी खाल्ली." कुणाला काही झालं? तिनं समोर धुळीत लोळणाऱ्या पोरांकडे हात केला. कावीळ कुणाला आहे का, हे विचारायची मला लाज वाटली, तरी विचारलं. ती हसली. दात नव्हते, हसणं मात्र सबंध होतं.

अकरा मुलांनी तीच खिचडी खाल्ली, त्यांना काही नाही. केक खाल्लेल्यांतल्या तिघांना झालं. खिचडी शिजवणारी रोज पहिला घास स्वतः खाते. पाटीवर मांडून दाखवावं इतकं सोपं होतं. उतरताना माझे पाय भराभरा पडत होते. एवढं सांगितलं की झालं, असं मला खरंच वाटत होतं.

घरी आईंनी सगळं ऐकून घेतलं. भाकरी थापायचा हात थांबला नाही. त्यांचं म्हणणं, खिचडीनं झालं नसेलही, पण मग केकानं झालं असं होतं, आणि केक सरपंचाच्या घरचा. आपली विहिरीची फाइल त्यांच्याकडे अडकली आहे. "तू शेलूची, फ्लॅटातली. तिथं दार लावलं की संपलं. आपल्याला हितंच ऱ्हायचं हाय, विनिता."

मी म्हटलं, कोंडीलाही इथंच राहायचं आहे.

त्यांनी पुढचा गोळा थापायला घेतला. तव्यावरची भाकरी मात्र करपली.

अण्णांवर माझी सगळी भिस्त होती. एकतीस वर्षं शाळेत शिकवलं त्यांनी, शेवटची बारा मुख्याध्यापक. गावातले निम्मे पुरुष त्यांचे विद्यार्थी. नागरिकशास्त्राच्या तासाला ते मुलांना उभं करून विचारायचे, तुझं मत काय, आणि मत सांगितलं की विचारायचे, कशावरून? गावात अजून त्यांची नक्कल करतात, कशावरून रे, कशावरून. मी त्यांना म्हटलं, तुम्ही ग्रामसभेत बोला. तुमचं ऐकतील.

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "ऐकतील. पण माझा मान म्हणून ऐकतील, पटलं म्हणून नाही. उद्या दुसरा कुणी मानाचा माणूस उलट बोलला की तेही ऐकतील. कारणं तुझ्याजवळ आहेत, तू बोल."

खरं असेल. पण मानापोटी ऐकलं असतं तरी कोंडीचं काम राहिलं असतं. हे मी बोलले नाही. आणि अण्णांनाही विहिरीची फाइल माहीत होती, हेही बोलले नाही.

शुक्रवारी देवळाच्या सभामंडपात झेंडावंदनानंतर सभा बसली. पुरुष पुढे, बायका खांबांच्या मागे. वाडीतली आठ माणसं आली होती, बाकीची वीटभट्टीवर. ती पायऱ्यांवर बसली, मंडपात जागा असूनही. कोंडी त्यांच्यात होती. सई माझ्या मांडीवर. तिनं कोंडीला पाहिलं आणि हाक मारली, आणि मी तिचा हात खाली धरला. का धरला, कोण जाणे. धरला.

पाणीपट्टी झाली, स्मशानाच्या शेडचं झालं. मग ग्रामसेवकांनी वाचलं, मदतनिसाबाबत पालकांच्या तक्रारी आल्यामुळे महिला ग्रामसभेनं सर्वानुमते केलेला ठराव कायम करणे. हरकत? आणि वाचता वाचताच पान उलटायला लागले.

मी उभी राहिले. सई कडेवर होती. म्हटलं, हरकत आहे. तक्रार कुणाची, ते वाचा. त्यांनी कागद चाळले. लेखी एकही नव्हती. म्हटलं, मग ती ग्रुपवरची, ती माझी, आणि ती मी मागे घेते. मग सगळं सांगितलं. केकाचं सांगताना छायाकाकींकडे पाहिलं नाही. केक कुणाचा हे म्हटलं नाही, उन्हात राहिला एवढंच म्हटलं, पण मंडपात चुळबुळ झाली. अकरा मुलांचं सांगितलं. माझ्या मते हे झाल्यावर सांगायला काही उरतच नव्हतं.

छायाकाकी शांतपणे म्हणाल्या, "त्या पोरांना काय होतंय? त्यांची पोटं येगळी."

कुणी हसलं नाही. कुणाला त्यात हसण्यासारखं किंवा दचकण्यासारखं काही वाटलंच नाही. पायऱ्यांवरची माणसं जमिनीकडे बघत होती.

माझा आवाज चढला. मी म्हटलं, मी मागे घेतली, आता ठरावाला कारण काय उरलं? कुणीतरी म्हणालं, तुमची एकटीची गेली, बाकीच्यांच्या मनात आहे ना. म्हटलं, मग मनातलं सांगा. एकानं सांगा. माझी मुलगी आजारी पडली होती, मला सांगा. सभा आहे ना ही? नावं घेऊन विचारलं. प्रणिताकडे पाहिलं, तिनं देवव्रतच्या शर्टाचं बटण लावायला घेतलं. आईंकडे पाहिलं नाही, त्यांना त्रास नको म्हणून.

गजाभाऊ पुढच्या रांगेतून वळला. आमच्या शेजारचा, सईला खांद्यावर घेऊन गणपती दाखवायला नेणारा गजाभाऊ. अगदी समजुतीनं, मी धाकटी बहीण असल्यासारखं म्हणाला, "वहिनी, सगळीच कारणं माइकवर सांगायची नसतात. सगळ्यांना म्हाईत हाय ना? मग बसा."

आणि मला कळलं की सगळ्यांना खरंच माहीत आहे. खिचडीचं कुणाला काहीच वाटत नव्हतं. मी घरोघर फिरून जे पुसत बसले होते ते कारण नव्हतंच. खरं कारण माझ्या मेसेजच्या खूप आधीपासून तिथं होतं, आणि उच्चारलं असतं तर उघडं पडलं असतं, म्हणून ते कुणीच उच्चारणार नव्हतं. न बोललेल्याला मी उत्तर देणार कसं? मी खाली बसले.

छायाकाकी म्हणाल्या, हात वर करा, लोकशाही हाय.

ठरावाच्या बाजूनं चौपन्न. विरोधात वाडीतले आठ आणि मी, नऊ. आईंचा हात पदराखाली राहिला, दोन्ही वेळा. अण्णांचा गुडघ्यावर.

पुढच्या विषयाला सुरुवात झाली तेव्हा अण्णा उठले. आवाज वर्गातल्यासारखा आला नाही, घोगरा आला. "सर्वानुमते खोडा. बहुमताने लिहा. आणि तिची हरकत लिहून घ्या, कारणांसकट. अकरा मुलांसकट." ग्रामसेवक म्हणाले, सर, जागा नाही त्या पानावर. अण्णा म्हणाले, मग पान जोडा. ते त्यांच्याजवळ जाऊन उभे राहिले आणि शेवटच्या ओळीपर्यंत उभेच राहिले. तेवढं झालं. हात वर व्हायच्या आधी झालं असतं तर, हेही मी बोलले नाही.

मी पायऱ्यांकडे गेले तर कोंडी निघून गेली होती. ऊन डोक्यावर होतं तरी सईला घेऊन तशीच वाडीची वाट चढले. मनात वाक्यं जुळवत होते. हरकत नोंदवली आहे. तालुक्याला साहेब वाचतील. मीही जाईन, जिजाताईंना घेऊन जाईन. जोडलेलं पान फाडू देणार नाही.

कोंडी ओटीवर बसून ताटात भात कालवत होती, धाकट्या मुलासाठी. मी सगळं सांगितलं. ती ऐकत होती. मधे एकदा म्हणाली, बस की, उनाची आलीस. सई माझ्या हातातून सुटून तिच्यापुढे जाऊन बसली.

मी म्हटलं, चुकलं माझं. फार चुकलं.

"तुला येक इचारू?" कोंडी म्हणाली. आवाजात राग नव्हता, खरंच विचारत होती. "पोर वांतीला लागली, तू घाबरलीस, समद्याच घाबरतात. मी बी घाबरते. पन केक तू भरवला व्हतास ना आदल्या दिशी? मग डागदरनं इचारलं तवा तुला माजाच हात का आठिवला?"

मी उत्तर शोधलं. खिचडी नंतरची होती. केक विसरले होते. घाई होती, पोर हातातून चाललंय असं वाटत होतं. एकेक मनात आणलं आणि खाली ठेवलं. अंगणवाडीतलं खाल्लं, असं लिहिता आलं असतं. डॉक्टरांना मी तसंच सांगितलं होतं. ग्रुपवर लिहिताना बोटांखाली नाव आपोआप आलं होतं, कुणी न सांगता, सोपं असल्यासारखं. गजाभाऊ म्हणाला होता, सगळ्यांना माहीत आहे. त्या सगळ्यांत मी आधीपासून होते.

हे तिला सांगता आलं नाही. सभेत मी सगळ्यांना म्हटलं होतं, मनातलं सांगा. आता एकटी कोंडी समोर बसून विचारत होती, तर मी तिच्या अंगणातल्या शेणाच्या सारवणाकडे बघत राहिले.

 कोंडी पुन्हा भात कालवू लागली. मुलाला घास दिला, आणखी एक दिला. सई ताटाकडे सरकली.

"सये, आईच्या हातनं खा," कोंडी म्हणाली. "मी नाय भरवत आता." आणि तिनं उजवा हात ताटातून काढून लुगड्याला पुसला, पुन्हा पुसला, मांडीवर उपडा ठेवला.

मी ताटाजवळ बसले. त्यातला घास घेतला, पहिला स्वतः खाल्ला, चावून दाखवला. दुसऱ्यावर फुंकर मारली आणि सईपुढे धरला. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. कोंडीच्या मांडीवरच्या त्या हाताकडे बघत ती तोंड उघडून बसली होती.